दिसले ते आणि सांगितले गेले ते

चांगीहून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या विमानात खिडकीजवळची जागा मिळाली, तर आपल्यापैकी बहुतेकजण थोडा वेळ बाहेर पाहतात आणि मग झडप खाली ओढून झोपी जातात. बाहेर दिसणारा दिवा म्हणजे तारा, दुसरे विमान की समुद्रातले जहाज, हे ठरवण्याची जबाबदारी आपल्यावर नसते. ती पुढे बंद दाराआड बसलेल्या दोघांवर असते आणि त्यांच्या डोळ्यांवर विश्वास टाकूनच आपण आपले डोळे मिटतो. म्हणूनच एखादा वैमानिक, त्यातही लढाऊ विमान चालवणारा, जेव्हा सांगतो की आकाशात आपल्याला काहीतरी दिसले आणि ते काय होते हे सांगता येत नाही, तेव्हा आपण कान टवकारतो. हेच एखाद्या वाटसरूने सांगितले असते तर आपण हसून सोडून दिले असते.

अशा कथनांचे आता एक स्वतंत्र वाङ्मयच तयार झाले आहे. इंग्रजीत त्यावर कपाटे भरतील इतकी पुस्तके आहेत, चित्रपट आहेत, दूरचित्रवाणीवर मालिका आहेत. मराठीतही ‘उडत्या तबकड्या’ हा वाचकाला हमखास ओढणारा विषय. पूर्वी ज्याला यूएफओ म्हणत, त्याला अलीकडे अमेरिकेच्या सरकारी कागदपत्रांत यूएपी, म्हणजे ‘ओळख न पटलेल्या असाधारण घटना’, असे जरा सोज्वळ नाव मिळाले आहे. नाव बदलले तरी वाचकाचे कुतूहल तेच आहे. परग्रहावर कोणी आहे का, या प्रश्नात मात्र मी या लेखात शिरणार नाही. माझा प्रश्न साधा आहे. हे सगळे जर वाङ्मय आहे, तर त्याची समीक्षा आपण का करत नाही?

कथा-कादंबरी वाचताना आपण काही प्रश्न सहज विचारतो. सांगणारा कोण आहे? तो कुठे उभा राहून पाहतो आहे? घटना घडली केव्हा आणि ती सांगितली केव्हा? त्याच्या शब्दांवर मागाहून आणखी कोणाचा हात फिरला आहे? वैमानिकांच्या साक्षी वाचताना हे प्रश्न आपण गुंडाळून ठेवतो आणि एकदम निकालाला हात घालतो: खरे की खोटे? माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो. बहुतेक वैमानिक खरेच बोलत असतात. पण ते काय दिसले याबद्दल खरे बोलत असतात. ते काय होते, हा वेगळा प्रश्न आहे, आणि चांगल्या कथनाची पारख हीच की त्यात या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली नसते. ही कसोटी घेऊन काही प्रसिद्ध कथने तपासून पाहू.

सुरुवात आपल्या शेजारूनच करू. सुमात्रातले पालेम्बांग सिंगापूरपासून सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर जपान्यांच्या ताब्यात होते आणि पालेम्बांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर जपानी युद्धयंत्रणेची मोठी भिस्त होती. १० ऑगस्ट १९४४ च्या मोहिमेत त्या कारखान्यांवर हल्ला करण्यासाठी तेव्हाच्या सिलोनमधून, त्रिंकोमालीजवळच्या चायना बे तळावरून, ५० हून अधिक अमेरिकन बी-२९ विमाने निघाली. या विमानांचा मूळ तळ आपल्या बंगालमध्ये, खरगपूर भागात होता. पुढे ५ नोव्हेंबर १९४४ रोजी याच ताफ्याने सिंगापूरवर येऊन सेम्बावांगच्या किंग जॉर्ज सहावा गोदीवर बॉम्ब टाकले. पालेम्बांगच्या मोहिमेतील एका विमानाचे कप्तान होते अल्वा रीडा. त्यांचे पुढे प्रसिद्ध झालेले निवेदन या वाङ्मयातला एक महत्त्वाचा मजकूर मानला जातो.

निवेदनाचा सारांश असा. बॉम्ब टाकून परतताना, लक्ष्य मागे पडल्यावर २०-३० मिनिटांनी, उजव्या बाजूचा तोफची आणि सहवैमानिक यांना एक तांबूस-नारिंगी, अतिशय तेजस्वी गोळा विमानाबरोबर येताना दिसला. अंतर सुमारे ५०० यार्ड, व्यास ५-६ फूट. शत्रूने रेडिओवर चालणारे काही अस्त्र पाठवले असावे अशा समजुतीने रीडांनी विमान वेडेवाकडे वळवले, दिशा ९० अंशांपर्यंत बदलली, उंची बदलली. गोळा सुमारे आठ मिनिटे तसाच बरोबर राहिला, मग एकदम काटकोनात वळून ढगांत दिसेनासा झाला. तळावर परतल्यावर त्यांनी गुप्तवार्ता विभागाला सविस्तर अहवाल दिला.

आता समीक्षकाच्या नजरेने पाहू. या मजकुरातली सर्वांत ठाम वाटणारी गोष्ट म्हणजे आकडे: ५०० यार्ड आणि ५-६ फूट. पण तीच सर्वांत कच्ची आहे. काळोखात, शेजारी तुलनेला काहीही नसताना, प्रकाशाच्या गोळ्याचे अंतर डोळ्यांना कळत नाही. आणि अंतर कळत नसेल तर आकारही कळत नाही. डोळ्याला कळतो तो फक्त कोन. ५०० यार्डांवरचा सहा फुटांचा गोळा हात लांब करून धरलेल्या बाजरीच्या दाण्याएवढा दिसेल, चंद्रबिंबाच्या निम्म्याहूनही लहान. तोच गोळा दसपट दूर असता तर साठ फुटांचा असता आणि दिसला असता अगदी तसाच. अंधारात अंदाज बांधणाऱ्या कोणाही माणसाचे असेच होईल, त्यात रीडांकडे दोष जात नाही. पण पुढे हा प्रसंग सांगणाऱ्यांनी ‘सहा फुटांची वस्तू’ असे मोजून घेतल्यासारखे लिहिले, आणि अंदाजाचे माप झाले.

दुसरीकडे, ‘अहो, शुक्र असेल’ असे म्हणून हा मजकूर निकालात काढणेही प्रामाणिकपणाचे नाही. शुक्र दूरचा. विमान ९० अंशांत वळले की शुक्र खिडकीतल्या आपल्या जागी राहत नाही. रीडांचा गोळा मात्र वळणानंतरही विमानाच्या त्याच बाजूला होता. काचेवरचे प्रतिबिंब विमानाबरोबर वळते हे खरे; पण प्रतिबिंब काटकोनात वळून ढगांत जात नाही. म्हणजे सोपे उत्तर कुठलेच पूर्ण बसत नाही. अशा वेळी न सुटलेला मजकूर न सुटलेला म्हणूनच ठेवणे हे समीक्षकाचे काम. रीडांच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. त्यांनी काय पाहिले आणि त्या वेळी त्यांना ते काय वाटले, हे दोन्ही त्यांनी वेगवेगळे सांगितले आहे. ‘रेडिओवर चालणारे अस्त्र’ हा त्यांचा तर्क होता, आणि तो तर्क म्हणूनच आला आहे.

तो तर्क त्या काळाचा होता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. युद्धाच्या अखेरच्या वर्षात युरोपातल्या अमेरिकन वैमानिकांनाही असे दिवे दिसले. त्यांनी एका विनोदी चित्रमालिकेतला शब्द उचलून त्यांना ‘फू फायटर’ असे नाव दिले. जानेवारी १९५३ मध्ये अमेरिकेच्या सीआयएने शास्त्रज्ञांची एक समिती नेमली होती. अध्यक्ष भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्टसन, आणि सदस्यांत पुढे नोबेल मिळवणारे लुई अल्वारेझ. विद्युतभारामुळे दिसणारी ज्योत किंवा हिमकणांवरून होणारे परावर्तन अशी काही संभाव्य कारणे तिने सुचवली. पण तिच्या अहवालातली मला सर्वांत मार्मिक वाटलेली नोंद वेगळीच आहे. ‘उडत्या तबकड्या’ हा शब्द युद्धकाळात प्रचलित असता, तर या दिव्यांनाही तेच नाव मिळाले असते, अशा अर्थाची ती नोंद आहे. ज्या काळाच्या तोंडी जो शब्द, तो शब्द आकाशातल्या दिव्याला चिकटतो.

आणि तो शब्द तरी कुठून आला? २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाला अमेरिकेतील माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू ओळीने जाताना दिसल्या. त्या पाण्यावर भिरकावलेल्या बशीसारख्या टप्पे घेत जात होत्या, असे त्यांनी सांगितले. उपमा गतीची होती. आपण लहानपणी तळ्याच्या पाण्यावर खापरी भिरकावतो, तशी. वर्तमानपत्रांनी ती आकाराची करून टाकली आणि ‘उडती बशी’ जन्माला आली. मराठीने तिची तबकडी केली, म्हणजे आपल्याकडे ती ग्रामोफोनजवळ जाऊन बसली! त्यानंतर जगभर लोकांना आकाशात बशाच दिसू लागल्या. एका उपमेच्या चुकीच्या वाचनातून उभा राहिलेला एवढा मोठा वाङ्मयप्रकार दुसरा क्वचितच असेल.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल, शब्दांचा एवढा कीस कशाला? त्याचे उत्तर कॅप्टन थॉमस मँटेल यांच्या मृत्यूत आहे. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकीतील गॉडमन तळावरच्या लोकांना आकाशात काहीतरी पांढरट, मोठे दिसले. जवळून चार एफ-५१ विमाने चालली होती, त्यांना ‘जरा पाहून या’ असे सांगण्यात आले. तुकडीचे प्रमुख पंचवीस वर्षांचे मँटेल. समोरची वस्तू धातूची आणि प्रचंड आकाराची दिसते, असे त्यांनी रेडिओवरून कळवले आणि ते वर चढत राहिले. त्या उंचीसाठी लागणारी प्राणवायूची सोय त्यांच्याकडे नव्हती. बरोबरचे परतले, मँटेल परतले नाहीत. त्यांचे विमान फ्रँकलिन गावाजवळ कोसळले.

यानंतर या प्रसंगाची दोन वाचने झाली आणि दोन्ही उतावळी. एका गटाने लिहिले की परग्रहवासीयांनी त्यांना पाडले. हवाई दलाच्या चौकशीत सुरुवातीला कारण दिले गेले ते शुक्राचे. पुढे अधिक पटणारे स्पष्टीकरण आले. अमेरिकन नौदल त्या काळात ‘स्कायहूक’ नावाचे अवाढव्य फुगे गुप्तपणे सोडत होते. सुमारे १०० फूट व्यासाचा, उन्हात चकाकणारा आणि मँटेल यांच्या विमानाच्या आवाक्याच्या खूप वर तरंगणारा तो फुगा असावा. फुग्यांची माहिती गुप्त असल्याने तळावरच्या कोणालाच ती नव्हती. मँटेल यांनी सांगितलेले वर्णन खोटे नव्हते. चकाकणारी, मोठी वस्तू होतीच. पण ‘दिसते’ आणि ‘आहे’ यांमधले अंतर तपासायला त्या दिवशी कोणाकडे सवड नव्हती, आणि त्या अंतरात एक तरुण जीव गेला. हे वाङ्मय करमणुकीचे समजून वाचणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

आता अलीकडच्या, सर्वांत गाजलेल्या कथनाकडे वळू. १४ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, निमिट्झ या विमानवाहू नौकेवरून उडालेले कमांडर डेव्हिड फ्रेव्हर यांना समुद्रावर एक पांढरी, लांबट, पंख नसलेली वस्तू दिसली. टिक-टॅक या गोळीच्या आकाराची, साधारण ४० फुटांची. ती झपाट्याने हलली आणि दिसेनाशी झाली. बरोबरच्या विमानातून ॲलेक्स डीट्रिक यांनीही ती पाहिली आणि प्रिन्स्टन या युद्धनौकेच्या रडारवर आधीपासून काही नोंदी येत होत्या. दिवसाउजेडी, एकाहून अधिक अनुभवी माणसांनी पाहिलेली अशी घटना सहज झटकून टाकता येत नाही. फ्रेव्हर यांची सांगण्याची पद्धतही मला भावते. ते परग्रहाची कथा रचत बसत नाहीत.

पण हे कथन आपल्यापर्यंत पोहोचले कसे, ते पाहा. घटना २००४ ची. न्यूयॉर्क टाइम्समधून ती जगभर गेली १६ डिसेंबर २०१७ रोजी, म्हणजे तेरा वर्षांनी. बातमीबरोबर जी चित्रफीत दाखवली जाते, ती फ्रेव्हर यांनी घेतलेली नाही. ते परतल्यावर दुसरे विमान गेले आणि त्यातल्या चॅड अंडरवुड यांनी इन्फ्रारेड कॅमेऱ्याने ती टिपली. डोळ्यांनी पाहिले एकाने, कॅमेऱ्यात टिपले दुसऱ्याने, वेगळ्या वेळी. दूरचित्रवाणीवर मात्र फ्रेव्हर यांचा आवाज आणि अंडरवुड यांची चित्रफीत एकत्र जोडली जाते आणि प्रेक्षकाला वाटते, हेच ते! नाटकात दोन प्रवेशांमध्ये पडदा पडतो म्हणून काळ सरकल्याचे आपल्याला कळते. इथे तो पडदाच काढून टाकला आहे.

२६ जुलै २०२३ रोजी अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे तिघांची साक्ष झाली, तेव्हाही हाच घोटाळा झाला. एकाच टेबलाशी तिघे बसले होते. फ्रेव्हर यांनी स्वतः पाहिलेले सांगितले. रायन ग्रेव्ज या माजी नौदल वैमानिकाने आपल्या सहकाऱ्यांचे अनुभव आणि हवाई सुरक्षेची काळजी मांडली. डेव्हिड ग्रश या माजी गुप्तवार्ता अधिकाऱ्याने, सरकारकडे परक्यांची याने आणि अवशेष असल्याचे इतरांकडून आपल्याला कळले, असे सांगितले. पाहिलेले, सहकाऱ्यांचे आणि ऐकीव, असे तीन वेगवेगळ्या वजनांचे मजकूर होते. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत सर्वांत मोठ्या अक्षरांत होते ते ऐकीव. आपल्या कोर्टात साधा वकीलही ज्या भेदावर बोट ठेवतो, तो जगभरच्या वाचकांनी सहज ओलांडला. पुढे मार्च २०२४ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याने प्रसिद्ध केलेल्या ऐतिहासिक आढाव्यात परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा कोणताही पुरावा आढळला नसल्याचे म्हटले. त्याला मथळा मिळाला, पण लहान.

याउलट एक मजकूर असा आहे की जो नीट वाचल्यावर सुटला. जानेवारी २०१५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ टिपलेली ‘गो फास्ट’ नावाची चित्रफीत अमेरिकन संरक्षण खात्याने एप्रिल २०२० मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध केली. तिच्यात एक ठिपका समुद्रावरून सुसाट पळताना दिसतो. वैमानिकांच्या आवाजातही नवल आहे. परंतु पडद्यावर विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन, अंतर असे आकडे आहेत. नासाने नेमलेल्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात त्यांचेच गणित मांडले. विमान २५,००० फुटांवर आणि ठिपका सुमारे १३,००० फुटांवर, म्हणजे समुद्राच्या पुष्कळ वर होता. त्याचा वेग निघाला ताशी सुमारे ४० मैल, जवळपास वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या वस्तूचा. आगगाडीतून पाहताना जवळचे झाड दूरच्या डोंगरापुढून पळताना दिसते, तसाच हा प्रकार. पळत होते ते विमान! चित्रफितीचे नाव ठेवणाऱ्याने मात्र निष्कर्षच नावात घालून ठेवला होता. आकडे पडद्यावर पहिल्या दिवसापासून होते. वाचले गेले ते नाव.

असे आकडे हाती असणे हा अपवाद आहे. जून २०२१ मध्ये अमेरिकन गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयाने १४४ नोंदींचा अहवाल काढला. त्यांतल्या फक्त एका नोंदीचा खात्रीने उलगडा झाला: हवा जात असलेला एक मोठा फुगा. उरलेल्या १४३ बद्दल अहवालाचे मुख्य म्हणणे, माहिती अपुरी आहे. या ‘अपुरी’ शब्दाचा ‘अद्भुत’ असा अनुवाद किती ठिकाणी झाला, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

आपल्याकडेही या वाङ्मयाची भर पडली आहे. ऑगस्ट २०१२ पासून काही महिने लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांना पिवळसर तेजस्वी गोळे चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून उगवून काही तासांनी नाहीसे होताना दिसले. नोंदी शेकड्यांनी झाल्या. चीनची हेरगिरीची साधने असावीत असा संशय आला, आणि तो काळही नाजूक होता. एप्रिल-मे २०१३ मध्ये देपसांग इथे दोन्ही सैन्ये तीन आठवडे समोरासमोर होती. लष्कराने बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारले. ताऱ्यांच्या संदर्भात त्या गोळ्यांच्या जागा पाहिल्यावर शास्त्रज्ञांनी ओळखले की ते गुरू आणि शुक्र आहेत. विरळ, स्वच्छ हवेत ग्रह किती प्रखर दिसतात, याची मैदानी प्रदेशातल्या माणसाला कल्पना नसते. अनेकांनी या बातमीवर जवानांची टर उडवली. मला ते पटत नाही. त्यांनी वेळ, दिशा, उगवणे-मावळणे यांची नोंद इमानाने ठेवली म्हणूनच शास्त्रज्ञांना उत्तर देता आले. नोंद चोख होती. फक्त तिला वाचक मिळायला उशीर झाला.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी दुपारी इंफाळ विमानतळाजवळ एक अज्ञात वस्तू दिसल्याने उड्डाणे काही तास थांबली. शोधासाठी राफेल विमाने गेल्याच्या बातम्या आल्या. हवाई दलाच्या पूर्व विभागाने काढलेले निवेदन मात्र अगदी छोटे होते. विमानतळावरून मिळालेल्या माहितीवरून हवाई संरक्षणाची यंत्रणा कार्यान्वित केली. ती लहान वस्तू त्यानंतर दिसली नाही. बस्स. विशेषण एक, ‘लहान’. तर्क नाही, भीती नाही, फुशारकी नाही. वृत्तवाहिन्यांनी त्यावर तासन्‌तास चर्चा झोडल्या, पण त्या चर्चांत या दोन ओळींहून अधिक माहिती नव्हती. या प्रकारच्या लेखनाचा नमुना कोणी मागितला तर मी हे निवेदन पुढे ठेवीन.

सिंगापूरला तर ‘अज्ञात’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ चांगला ठाऊक आहे. २२ जानेवारी २००८ रोजी संध्याकाळी उड्डाणाची परवानगी नसलेले एक विमान या चिमुकल्या देशाच्या हद्दीकडे आले. हवाई दलाची एफ-१६ विमाने झेपावली, चांगी विमानतळ ५० मिनिटे बंद राहिला. ते निघाले थायलंडच्या कोह सामुईहून आलेले छोटे सेसना. त्याला चांगीवर उतरवले आणि प्रकरण मिटले. रडारसमोर बसलेल्या माणसासाठी ‘अज्ञात’ हे गूढाचे नाव नसते. ती एका अपुऱ्या कामाची नोंद असते, आणि काम पूर्ण झाले की ती खोडायची असते.

ओळख पटवायला वस्तूच हाती आली, तर किती फरक पडतो हे आपल्या विदर्भाने पाहिले आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, गुढीपाडव्याच्याच दिवशी, महाराष्ट्राच्या आकाशातून जळते लोळ ओळीने गेले आणि चर्चांना ऊत आला. पण चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूचे मोठे कडे पडले, आसपास गोळेही सापडले. चिनी अग्निबाणाचा तो भाग असल्याचे अवकाश-अभ्यासकांनी कक्षेच्या नोंदींवरून सांगितले. वैमानिकाच्या नशिबी असे कडे बहुधा येत नाही. त्याच्याजवळ असतात काही सेकंद, काही आकडे आणि त्याचे शब्द. म्हणूनच ते शब्द जपून वाचायला हवेत.

या वाङ्मयाला आजवर दोनच प्रकारचे टीकाकार मिळाले. एक टर उडवणारा. त्याच्या भीतीने वैमानिक गप्प बसतो. आपल्या मनःस्वास्थ्यावर शंका घेतली जाईल, उड्डाणाचा परवाना जाईल, या धास्तीने नोंदच करत नाही. ग्रेव्ज यांनी साक्षीत हीच व्यथा मांडली होती. दुसरा भाविक. तो वैमानिकाच्या तोंडी त्याने न उच्चारलेले शब्द घालतो आणि मग त्याच्या हुद्द्याच्या पाटीवर ते खपवतो. दोघे एकमेकांचे शत्रू समजले जातात, पण त्यांच्या हातून होणारे नुकसान एकच आहे: मूळ साक्ष हरवते. आणि आकाशात खरोखरच फुगा, ड्रोन किंवा शत्रूचे विमान असेल, तर त्या हरवलेल्या साक्षीची किंमत पुढचा वैमानिक मोजतो.

मराठी वाचकाला यातली मधली वाट दाखवणारा माणूस लाभला होता. २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तलेले डॉ. जयंत नारळीकर. परग्रहावरचा पाहुणा त्यांना वर्ज्य नव्हता. ‘प्रेषित’ ही त्यांची कादंबरी त्याच कल्पनेवर उभी आहे. पण कल्पना त्यांनी कथेत ठेवली. प्रत्यक्ष शोधाची वेळ आली तेव्हा २००१ मध्ये हैदराबादहून फुगा सोडून, ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली आणि तीत सूक्ष्मजीव आहेत का, हे प्रयोगशाळेत तपासवले. पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीची उत्कट इच्छा मनात असूनही नळ्या निर्जंतुक करण्याची शिस्त त्यांनी सोडली नाही.

त्यांची आणखी एक गोष्ट या संदर्भात आठवते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. प्रसिद्ध शास्त्रज्ञाचे नाव वाचून परीक्षकांचे मन झुकू नये, कथा स्वतःच्या पायांवर उभी राहावी, हा हेतू. कथेला पहिला क्रमांक मिळाला. वैमानिकांच्या कथनांबाबत आपण नेमके उलट करतो. कमांडर, कॅप्टन, कर्नल ही बिरुदे आधी वाचतो आणि मजकूर मागाहून, बिरुदाच्या प्रकाशात.

असो. अशा बातम्या पुढेही येत राहतील. आकाश मोठे आहे आणि त्यात फुगे, ड्रोन, उपग्रह यांची गर्दी रोज वाढते आहे. बातमी आली की पाहणाऱ्याने स्वतः काय पाहिले ते वेगळे काढावे, बाकीच्यांनी त्यात काय भरले ते बाजूला ठेवावे, आणि उरलेल्या मजकुराला त्याचे उत्तर मिळेपर्यंत ‘अज्ञात’ राहू द्यावे. तेवढा मान तर रात्री आपल्याला सुखरूप घरी पोहोचवणाऱ्या डोळ्यांना द्यायलाच हवा.